दिवसाउजेडीची पोपटी

मार्गशीर्ष सरत आला की पेण, वडखळ, पोयनाड येथून अलिबाग-रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्यात वालाच्या हिरव्या शेंगांच्या टोपल्या रस्त्याकडेला दिसू लागतात. भाताची कापणी झालेल्या खाचरांत, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर हे पीक येते. त्याला पाटाचे पाणी लागत नाही आणि खताचीही फारशी अपेक्षा नसते. उलट वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात व पुढील पावसाळ्यातील भाताला त्याचा लाभ होतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने वालाच्या सुधारित जाती दिल्या आहेत. तरीही घरच्या कडव्या वालाचे बियाणे मडक्यात राखून ठेवणारी घरे या भागात अजून आहेत, आणि त्या वालाची चव ज्याने घेतली त्याला दुसरा वाल सहसा रुचत नाही.

शेंगा भरल्या की या किनाऱ्यावर पोपटीचे दिवस येतात. नवे मडके घ्यावे, त्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला अंथरावा, त्यावर जाडे मीठ व ओवा चोळलेल्या शेंगा भराव्यात, मध्ये पुन्हा पाला, पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा बसवून मडके शेतात पालथे घालावे. भोवती पेंढा, गोवऱ्या व नारळाच्या सुक्या झावळ्या रचून आग लावावी. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगेतला ओलावा आणि पाल्याचा रस यांच्याच वाफेवर दाणे शिजतात. अर्ध्या-पाऊण तासाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले आणि ते चर्रकन उडून गेले की पोपटी झाली असे जाणकार सांगतात. भांबुर्डी ही बांधाबांधांवर आपोआप उगवणारी उग्र वासाची वनस्पती आहे. एरवी तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पण पोपटीला जो विशिष्ट गंध येतो तो तिचाच.

या भागातील बाजारगावांत पिढ्यान्‌पिढ्या दुकाने मांडून बसलेल्या जैन कुटुंबांना पोपटीचा हा गंध ओळखीचा आहे. चव मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. कारणे उघड आहेत. पोपटी लागते ती रात्री, शेतावरची कामे आटोपल्यावर. मडक्यात शेंगांच्या जोडीला बटाटे, रताळी, कांदे, वांगी पडतात, आणि अनेक ठिकाणी अंडी व मांसही पडते. पण याहून खोल असे एक कारण आहे, आणि त्याचा विचार फारसा कोणी बोलून दाखवत नाही. पोपटीची सारी खुबी शेंग अखंड, न उघडता भाजण्यात आहे. जैन स्वयंपाकघराचा नियम नेमका उलटा आहे. वाटाणा असो, तूर असो की वाल, शेंग उघडून पाहिल्याखेरीज ती चुलीवर चढत नाही.

पेण तालुक्यातील एका बाजारगावी किराणा व कडधान्याचा व्यापार करणाऱ्या एका घराची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. दुकानाचे तिसऱ्या पिढीचे गिऱ्हाईक असलेला एक आगरी शेतकरी दर पौषात शेंगांची टोपली घेऊन येई आणि जाताना म्हणे, “शेट, यंदा तरी पोपटीला या. बाला आणि पोरांना घेऊन या.” शेठ हात जोडत, मिठाईचा पुडा त्याच्या हाती देत, आणि बोलणे तेथेच संपे. पाहुणचार नाकारण्याची ही पद्धत इतकी जुनी झाली होती की त्यात कोणाला अवमान वाटत नव्हता. मात्र एका वर्षी शेठच्या दहा वर्षांच्या मुलीने, जी त्या शेतकऱ्याच्या मुलीबरोबर एकाच वर्गात शिकत होती, आजीला विचारले, “बा, आपण त्यांच्याकडे का जात नाही? आपल्याला ते आवडत नाहीत का?”

बा काही वेळ बोलल्या नाहीत. चौविहार, तिथी, कंदमूळ ही उत्तरे त्यांच्यापाशी तयार होती. पण मुलीचा प्रश्न अन्नाचा नव्हता, माणसांचा होता, हे त्यांना उमगले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेतकऱ्याला दुकानात बोलावून सांगितले, “भाऊ, आम्ही येतो. पण मडके नवे कोरे आम्ही आणू, शेंगा आम्ही निवडू, आणि पोपटी दिवसाउजेडी लागेल. चालेल का?” शेतकरी हसला. दिवसा पोपटी लावलेली त्याच्या गावाने कधी पाहिली नव्हती. “चालेल की, बा. आग दिवसाही तितकीच लागते,” तो म्हणाला.

दिवस ठरवताना पहिला प्रश्न तिथीचा आला. शेतकऱ्याने शनिवार सुचवला होता. पंचांगात त्या दिवशी अष्टमी होती, आणि या घरात महिन्याच्या पाच तिथींना, म्हणजे शुद्ध पंचमी, दोन्ही अष्टमी व दोन्ही चतुर्दशी या दिवशी, लीलोतरीचा त्याग असे. दहा किंवा बारा तिथी पाळणाऱ्या घरांना तर याहून अधिक दिवस वगळावे लागतात. रविवार नक्की झाला. येथे एक योग सहज लक्षात येत नाही, पण तो मोठा सुखद आहे. कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपून पालेभाजी मोकळी होते आणि फाल्गुन चौमासीला ती पुन्हा बंद होते. या चार महिन्यांतच वालाची शेंग कोवळी असते. कोथिंबीर, मेथी आणि ओला वाल हे तिन्ही जैन पानावर एकत्र येऊ शकतात ते याच दिवसांत. रायगडच्या शेतांचे आणि आपल्या पंचांगाचे इतके जमलेले क्वचितच दिसते.

त्या रविवारी दुपारी 3 वाजता कुटुंब शेतावर पोहोचले. शेंगा तोडून ठेवलेल्या होत्या. सून आणि बा सतरंजीवर बसून निवडू लागल्या, आणि पहिल्या मुठीतच अंदाज चुकल्याचे कळले. त्या वर्षी शेंग पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव भारी होता. दर दहा शेंगांत दोन-तीन पोखरलेल्या निघत. निवडणे संपेना. मडके रचून आग लागली तेव्हा 5 वाजून गेले होते. पौषात या किनाऱ्यावर सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. घरात सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे, जेवण आटोपण्याचा प्रघात होता. तो हिशेब तर आग लागण्यापूर्वीच हुकल्यासारखा होता. मडके उलटले, वाफेचा लोट उठला, शेंगांचा ढीग केळीच्या पानावर सांडला, आणि पश्चिमेकडे सूर्याची कोर खाडीपलीकडच्या टेकडीआड गेली.

“आज नाही,” बा म्हणाल्या. मुलीच्या हातात एक शेंग होती. तिने ती परत पानावर ठेवली आणि ती रडू लागली. शेतकऱ्याची बायको अवघडून गेली. आपल्या घरी आलेला पाहुणा उपाशी जात आहे हे तिला सोसवेना. शेठला वाटले, एवढ्या लहान मुलीला सूट द्यायला हरकत नव्हती, आणि ते तसे बोललेही. बांनी त्यांना उत्तर दिले नाही. त्या मुलीला जवळ घेऊन इतकेच म्हणाल्या, “चूक तुझी नाही, सूर्याचीही नाही. आम्ही उशिरा बसलो.” पोपटी शेतावरच्या मजुरांनी खाल्ली. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलले नाही.

या प्रसंगात बांचे चुकले की बरोबर, यावर त्या घरात पुढे बराच वाद झाला आणि असा वाद अनेक घरांत होण्याजोगा आहे. लहान मुलांवर व्रताची सक्ती नसते, हे खरे. परंतु त्या दिवशी नियम मोडला असता तर मुलीने पोपटी खाल्ली असती आणि निवडण्याचा घोळ मात्र तसाच राहिला असता. पुढील वर्षी बांनी जे केले त्यावरून त्यांच्या मनात काय होते ते दिसते. त्यांनी शेंगा निवडण्याची रीतच नव्याने बसवली. ती रीत पोपटीपुरती नाही. घरी शेंगांची कोणतीही भाजी करताना ती उपयोगी पडते, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने सांगणे योग्य होईल.

शेंग ज्या दिवशी घरात येईल त्याच दिवशी, दिवसाच्या उजेडात निवडावी. शीतकपाटात ठेवलेल्या शेंगेतील अळी गारठून निश्चल होते आणि मग ती दाण्यापासून वेगळी ओळखू येत नाही. शेंगा आधी धुऊ नयेत. आधी निवडाव्यात, मग गाळलेल्या पाण्याने धुवाव्यात. हा क्रम उलटला तर जिला वाचवायचे तीच पाण्यात बुडते. शेंगा मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या की किडे आपोआप वर येतात, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. भाजी त्याने स्वच्छ होत असेल, पण किडे वर येतात ते तडफडून, आणि त्या उपायाला जैन घरात जागा नाही. सुरीनेही शेंग चिरू नये. सुरीला आतले काही दिसत नाही. बोटांना कळते.

बाहेरून ओळखण्याच्या खुणा अशा की, शेंगेवर सुईच्या टोकाएवढे छिद्र आणि त्याच्या तोंडाशी दाणेदार तपकिरी विष्ठा असेल, दोन शेंगा बारीक जाळीने एकमेकींना चिकटलेल्या असतील, अथवा भरल्या शेंगेत एकच दाणा खपाटीला गेलेला असेल, तर आत कोणीतरी आहे असे समजावे. जाळी करणारी अळी फिकट पांढुरकी असून तिच्या अंगावर काळसर ठिपक्यांच्या ओळी असतात. दुसरी, शेतकरी जिला घाटेअळी म्हणतात ती, हिरवट किंवा तपकिरी असून बाजूंनी पट्टे असलेली असते आणि बहुधा अर्धे अंग बाहेर ठेवूनच दाणा खाते, त्यामुळे ती सहज सापडते. फसवते ती पहिली. ती शेंग अगदी कोवळी असताना आत शिरली तर बाहेरील छिद्र भरून येऊ शकते आणि शेंग वरून निर्दोष दिसते. म्हणूनच केवळ बाहेरून पाहणे पुरेसे नाही. कोवळ्या शेंगांच्या देठाशी काळा मावा चिकटलेला असतो. अशी शेंग झटकू नये, मऊ पुंजणीने हलकेच पुंजून घ्यावी.

आता मुख्य अडचण. शेंग पूर्ण उघडून दाणे सुटे केले तर मडक्यात ते सुकून कडक होतात, कारण शेंगेचे साल हेच दाण्याचे वाफेचे भांडे असते. बांनी यावर असा मार्ग काढला. शेंगेची एका बाजूची शीर देठाकडून ओढून काढायची, त्याच शिवणीवर अंगठ्याने दाबून शेंग पुस्तकासारखी उघडायची, उजेडाकडे धरून दोन्ही पाने व प्रत्येक दाण्याची मागची बाजू पाहायची, आणि दुसरी शीर तशीच ठेवून शेंग मिटवायची. दुसरी शीर शाबूत असल्याने शेंग पुन्हा मिटते. अशा शेंगा एकावर एक दाबून भरल्या की त्या उघडत नाहीत आणि वाफही फारशी निसटत नाही. अखंड शेंगेची चव यात तंतोतंत उतरते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. थोडा ओलावा कमी होतोच. तो भरून काढण्यासाठी बा प्रत्येक थरावर ओल्या खोबऱ्याचा कीस पसरतात.

शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात इयळीची गणना तेइंद्रिय जीवांत केली आहे, म्हणजे स्पर्श, रस व गंध यांचे ज्ञान असलेला जीव. जी वालाच्या दाण्याची गोडी ओळखते, तिला आगीचा दाह कळत नसेल असे मानायला आधार नाही. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा सर्वथा टाळता येत नाही. चूल पेटवली की ती होतेच. त्रस जीवाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवणे त्याच्या हाती असते. आगीसाठी जागा निवडतानाही हेच पाहावे लागते. वर्षभर एका जागी पडून राहिलेल्या पेंढ्याखाली असंख्य जीव असतात. पेंढा ताजा, उन्हात झटकलेला घ्यावा, जमीन आधी पुंजावी आणि आग मोठी करू नये. दिवसा आग लावल्याने एक लाभ अनायासे होतो, तो असा की ज्योतीवर झेपावणारे पतंग त्या वेळी नसतात.

मडक्यातील जिन्नसांबाबत फार लिहिण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक घराची सूट-बंदी वेगळी असते. बटाटा-रताळ्याच्या जागी चीर दिलेली कच्ची केळी, वांग्याच्या जागी तोंडली, आणि मेथीचे मुठिये घातले की मडके भरते. मसाल्यात ओवा, जाडे मीठ, हिंग, हिरवी मिरची, कोथिंबीर. आल्याऐवजी सुंठ. पेण-उरणच्या मिठागरांचे जाडे मीठ मिळाले तर अधिक चांगले. अलिबागच्या सुप्रसिद्ध पांढऱ्या कांद्याचा या मडक्याशी काही संबंध नाही, हे त्या भागातील गिऱ्हाइकांना दरवर्षी समजावून सांगावे लागते. पोपटीबरोबर दही किंवा ताक घ्यायचे असेल तर ते आधी नीट गरम करून घ्यावे. वाल ओला असला तरी तो द्विदलच आहे, आणि कच्च्या गोरसाशी त्याचा संयोग वर्ज्य आहे. हिरवा दिसतो म्हणून अनेकदा हे विसरले जाते.

ज्यांची मुळे सुरत-वलसाडकडील आहेत त्यांना हे सारे वाचताना उंधियू व उबाडियू आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ते योग्यच आहे. उंधियूचे नावच मुळी ‘ऊंधुं’ म्हणजे पालथे या शब्दावरून आले आहे. दक्षिण गुजरातेतील उबाडियूचे मडकेही पापडी भरून, पाल्याने तोंड बंद करून, असेच पालथे घालून भाजतात. एकाच किनारपट्टीवर, एकाच ऋतूत, एकाच शेंगेला दोन भाषांनी जवळपास एकच संस्कार दिला. कोणी कोणाकडून घेतला याची चर्चा व्यर्थ आहे. रायगडात स्थिरावलेल्या गुजराती भाषक घरांना पोपटी परकी वाटण्याचे कारण नाही, एवढे मात्र म्हणता येते.

शहरात शेत नाही, पेंढा नाही, भांबुर्डीही नाही. तेथे जाड बुडाच्या पातेल्यात केळीचे पान अंथरून, वरील रीतीने निवडलेल्या शेंगा भरून, पळीभर पाणी शिंपडून झाकणाच्या कडा कणकेने बंद कराव्यात आणि मंद आचेवर 35-40 मिनिटे ठेवावे. ओव्हन असल्यास झाकणाच्या भांड्यात 180 अंशांवर पाऊण तास पुरतो. ओव्हनचा विषय निघाला म्हणून परदेशस्थ मुलांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात हिरव्या शेंगांचे जे कॅसरोल हमखास असते, ते 1955 साली न्यू जर्सीतील कॅमडेन येथे, कॅम्पबेल सूप कंपनीच्या पाकगृहात डॉर्कस रायली या बाईंनी बसवलेले आहे. त्यात अळिंबीचे सूप असते आणि वर तळलेला कांदा, म्हणजे आपल्या दृष्टीने शेंग सोडून जवळपास सर्व अडचणीचे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका रायगडकर सुनेने सासूला विचारून त्याच भांड्यात फरसबी, खोबरे व ओवा घालून झाकून भाजले. अळिंबीच्या जागी दुधात शिजवलेली जाडसर कणीक आणि वर कांद्याऐवजी तळलेल्या कच्च्या केळ्याचा कीस. शेजारच्या अमेरिकन बाईंनी त्याची कृती लिहून घेतली. फरसबीची शेंग बारीक असल्याने तेथे तिची मधली शिवण उघडणे कष्टाचे होते. ती लांबीला हातानेच फाडून पाहावी.

कोवळे दाणे सुटे निघाले तर त्यांचे बिरडे करावे. कोकणातील प्रसिद्ध बिरडे मोड आणलेल्या, सोललेल्या वालाचे असते, आणि कोंब फुटलेले कडधान्य अनंतकायात मोडत असल्याने ते आपल्याकडे चालत नाही. ओल्या दाण्याला मोडाची गरजच नसते. त्याचे साल नखाने सहज निघते आणि चवीत फारसा फरक पडत नाही. सुका वाल वापरायचा असल्यास कोंब डोकावण्यापूर्वीच सोलावा, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि दाणा पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. कच्चट सुका वाल पोटाला बाधतो.

कडधान्याच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. सुक्या वालात जो भुंगेरा पडतो त्याची सुरुवात पुष्कळदा गोदामात होत नाही, शेतातच होते. भुंगेऱ्याची मादी पिकत आलेल्या शेंगेवर अंडी घालते आणि दाण्याच्या आत शिरलेली अळी मालाबरोबर पेढीवर येते. दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका हे त्याचे अंडे. ज्या व्यापाऱ्याने माल घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून हे ठिपके पाहिले, त्याला पुढे गोदामात औषधाची धुरी द्यावी लागण्याचे प्रसंग कमी येतात. नीट वाळलेला माल, नव्या गोण्या, जमिनीपासून उंच फळ्या आणि जुन्या मालापासून वेगळी थप्पी यांचा खर्च थोडा असतो. मारण्याचा प्रसंगच येऊ नये असा व्यवहार करणे हे मारून मग प्रतिक्रमण करण्यापेक्षा सोपे आहे, आणि स्वस्तही.

पुढील वर्षी बांनी दिवस ठरवला तो पंचांग आणि घड्याळ दोन्ही समोर ठेवून. सकाळी 10 वाजता शेंगा तोडल्या गेल्या, 11 वाजता निवडणे सुरू झाले. या वेळी सतरंजीवर पाच जणी होत्या. शेतकऱ्याची बायको व तिची मुलगीही बसल्या होत्या, आणि दोन्ही मुली शिवण उघडून उजेडाकडे धरण्यात मोठ्यांच्या पुढे गेल्या. सापडलेल्या अळ्या त्यांच्याच शेंगेच्या तुकड्यासह एका परातीत ठेवल्या जात होत्या. दोन वाजेपर्यंत परातीत तीसेक अळ्या जमल्या.

परात घेऊन नात उठली आणि वालाच्या ताटव्याकडे निघाली. अळीला तिच्या खाद्यावर परत ठेवायचे, हे तिला शिकवलेले होते. शेतकरी बांधावर उभा होता. तो काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बांनी पाहिला. महिनाभर ज्या किडीने त्याची शेंग खाल्ली तीच किडी त्याच्या पाहुण्यांची नात त्याच्याच शेतात परत सोडायला निघाली होती. बांनी नातीला थांबवले. काही वेळ कोणालाच काय करावे ते सुचेना. अळ्या रस्त्यावर टाकणे म्हणजे कावळ्यांना देणे. भांबुर्डीवर ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणे. आणि शेतात सोडणे म्हणजे आपली दया दुसऱ्याच्या खात्यावर लिहिणे.

“भाऊ,” बा म्हणाल्या, “कडेची ती एक रांग आम्हाला विकता का? शेंगा तोडायच्या नाहीत. तशीच राहू द्यायची.”

शेतकऱ्याने रांगेकडे पाहिले. ती बांधालगतची, सावलीत आलेली, निम्मी वाळलेली होती. “तिचे काय पैसे घ्यायचे, बा? तशीच घ्या,” तो म्हणाला. बांनी ऐकले नाही. शेठनी बाजारभावाने हिशेब केला, शेतकऱ्याने त्यातले निम्मेच घेतले, आणि त्या रांगेवर परात रिकामी झाली. त्या अळ्यांतून निघणारे पतंग पुढे मुख्य पिकाकडेच जातील, हे शेतकऱ्याला ठाऊक होते आणि शेठनाही; त्यावर कोणाकडेच पुरते उत्तर नव्हते. शेंगांचा हंगाम तोवर अर्धा सरला होता, हाच काय तो दिलासा.

3 वाजता आग लागली. 4 वाजण्यापूर्वी मडके उलटले. दोन्ही मुली एकाच पानावर बसल्या. एकीने शेंग सोलायची आणि दुसरीने दाणे मोजून वाटायचे, असा त्यांचा व्यवहार चालला होता. सूर्य अजून माडांच्या वर होता आणि बांनी चौविहाराचे पच्चक्खाण घेतले तेव्हा पानावर फक्त साले उरली होती. दुकानाच्या वहीत तेव्हापासून दर पौषात, मिठाईच्या पुड्याच्या नोंदीखाली, आणखी एक ओळ असते: वाल, एक रांग.